पावसाळ्यात घरी भुताखुनाचे सिनेमे कसे दाखवावेत, त्यातल्या 'तसल्या' माणसांसकट

मी नाटकांचा लाइटवाला. फोंडा तालुक्यात कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की शिमग्यापर्यंत माझी एकही रात्र घरची नसते. पाऊस लागला की डिमर, स्पॉट, हॅलोजन सगळं ताडपत्रीखाली जातं आणि मी सोप्यावर पाय पसरून बसतो. २०१९च्या जूनमध्ये असाच बसलो होतो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तुझ्याकडे प्रोजेक्टर आहे, भिंत आहे, वेळ आहे. मग आम्ही मोबाईलवर का बघायचं?" तेव्हापासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, जून ते चवथ, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, दर शनिवारी आमच्याकडे सिनेमा असतो. भुताचा नाहीतर खुनाचा. आणि त्यात कुठेतरी, उघड किंवा आडून, एक गे माणूस असतो. कधी लेस्बियन बाई, कधी नक्की कोण ते दिग्दर्शकालाही धड सांगता आलं नसतं असं कोणीतरी.

हाच विषय का, तर मी स्वतः गे आहे म्हणून. लहानपणी टीव्हीवर प्रेमाचे सिनेमे लागायचे, त्यांत मी कुठेच नसायचो. भीतीच्या सिनेमात मात्र हमखास असायचो. तळघरात, माडीवर, आरशासमोर, आणि बहुतेक वेळा हातात सुरी घेऊन.

म्हापशाच्या एकाने आणि साखळीच्या एका बाईने गेल्या वर्षी विचारलं, आम्हाला आमच्या घरी असं करायचं आहे, कसं करू? त्यांना फोनवर तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट लिहितो.

आधी माणसं, मग सिनेमा

आठ माणसं पुरे, दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. सगळी एकाच प्रकारची नकोत. आमच्याकडे एक बँकेतल्या ताई येतात, त्यांना फक्त खुनात रस. पेडण्याचा एक दशावतारी येतो, स्त्रीपार्टी. भाचा आणि त्याचे दोन मित्र. माझी आई, वय चौऱ्याहत्तर, मागच्या खुर्चीत. बाकी दोन-तीन जण, ते कोण हे मी लिहिणार नाही, कारण तोच पहिला नियम आहे: सिनेमात काय बघितलं ते गावभर सांगा, शेजारी कोण बसलं होतं ते नाही. फोटो नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'शनिवार भजी'. कोणाच्या बायकोने, भावाने, साहेबाने फोन उघडला तरी भजीच दिसली पाहिजेत. गोवा एवढासा. मडगावात शिंकलं की पणजीत 'देव बरें करूं' म्हणणारा कोणीतरी तुमच्या काकांचा मित्र निघतो.

कोण का येतो हे विचारू नका. भाच्याचा एक मित्र पहिल्या वर्षी नुसता भज्यांसाठी यायचा. असेल.

आणि हे घरातच ठेवा. हॉल घेऊन, पोस्टर लावून दाखवायचं म्हटलं की ते जाहीर प्रदर्शन झालं. त्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, सिनेमाचे हक्क लागतात. पडद्यावरच बघायची हौस असेल तर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतोच, २००४पासून तो गोव्यातच आहे. कार्यक्रमपत्रिका नीट चाळा, असले सिनेमे अधूनमधून येतात. मीच तेव्हा जत्रेत असतो, ते माझं नशीब.

भिंत, पाऊस आणि लायट

पडद्याला पांढरी चादर लावू नका. निम्मा उजेड मागे पळून जातो आणि भूत राखाडी दिसतं. पडद्याच्या दुकानात अस्तराचं जाड कापड मिळतं, ब्लॅकआऊटचं, ते मीटरवर घ्या आणि खाली बांबू शिवून टाका म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. जुन्या घराची चुन्याची भिंत असेल तर तीही चालते, फक्त ओल धरलेली नको. आमच्या भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, तो हिरॉइनच्या बरोबर कपाळावर यायचा.

प्रोजेक्टर पावसाळ्यात उघडा ठेवलात तर लेन्सला बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत सिलिकाच्या पुड्या टाका, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या.

आवाजाचं काय करणार? कौलांवर पाऊस सुरू झाला की कुजबुज ऐकू येत नाही, आणि असल्या सिनेमात महत्त्वाचं सगळं कुजबुजीतच असतं. सबटायटल लावाच. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तिच्या शेजारी भाचा बसून हळू आवाजात मराठी करतो. सुरुवातीला बाकीच्यांना त्रास व्हायचा, आता त्याचं भाषांतर ऐकायला दोघं-तिघं मुद्दाम मागे सरकतात.

लायट जाणार हे धरून चाला. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि स्पीकर चालतो, पंखा बंद ठेवावा लागतो. खायला भजी, पोदेराचे उंडे (पाव), आणि मध्यंतरात रस ऑम्लेट. श्रावणात ऑम्लेट बंद, आईचा कायदा.

सुरुवात ओळखीच्या तोंडाने करा

पहिल्या शनिवारी माझा डाव ठरलेला आहे. आधी 'कोहरा' मधली वीस मिनिटं, मग अख्खा 'रिबेका'. 'कोहरा' १९६४चा, वहिदा रहमान आणि बिस्वजीत, आणि जुन्या हवेलीत नव्या नवरीला घाबरवणारी दाईमाँ म्हणजे आपल्या ललिता पवार. त्यांचं तोंड दिसलं की सगळे सैल होतात. आई तर मोठ्याने "आली बया" म्हणते. 'रिबेका' हिचकॉकचा, १९४०चा. गोष्ट तीच. मेलेली पहिली बायको, घाबरट दुसरी बायको, आणि मेलेलीची खोली जशीच्या तशी जपणारी हाऊसकीपर, मिसेस डॅनव्हर्स.

लावायच्या आधी दोनच मिनिटं बोला, जास्त नाही. एवढं सांगा की हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ एक आचारसंहिता चालायची, 'हेज कोड'. समलैंगिकता दाखवायला, सुचवायलासुद्धा बंदी. १९६१ साली ती बंदी थोडी सैल झाली. 'रिबेका'च्या वेळी तर सेन्सॉरवाल्यांनी बजावून ठेवलं होतं की रिबेका आणि मिसेस डॅनव्हर्स या दोन बायकांत तसलं काही सुचता कामा नये. मग दिग्दर्शकांनी काय केलं? शब्दांत म्हणता येत नव्हतं ते कपड्यांत, उजेडात, हाताच्या हालचालीत ठेवलं. म्हणून या काळातले सिनेमे कानांनी नाही, डोळ्यांनी बघायचे.

आता खोलीचा प्रसंग. मिसेस डॅनव्हर्स नव्या नवरीला रिबेकाच्या खोलीत नेते. कपाट उघडते. फरचा कोट काढते आणि त्याची बाही तिच्या गालावर फिरवते. मग उशीवरच्या खोळीतून रिबेकाचा झिरझिरीत नाइटगाऊन काढते, आत हात घालते आणि म्हणते, बघ, माझा हात दिसतो. लाइटवाला म्हणून सांगतो, तिच्या पायांकडे लक्ष द्या. ती चालताना जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरा वळतो आणि ती तिथे उभी असते. हिचकॉकने ते मुद्दाम केलं होतं, चालताना दिसली की माणूस वाटली असती.

आमच्याकडे हा प्रसंग चालू होता आणि मागून आईचा आवाज आला: "ही मोलकरीण नव्हे रे. ही तिची विधवा."

कोणी काही बोललं नाही. मी सिनेमा थांबवला नाही, पण पुढची पाच मिनिटं मला पडद्यावर काय चाललंय ते दिसत नव्हतं. माझ्याबद्दल आईने आजवर एक शब्द विचारलेला नाही, मीही सांगितलेला नाही. पण त्या दिवशी कळलं की तिला बघता येतं.

'कोहरा'शी ताडून बघायला लावा ते यासाठीच. आपल्याकडे त्या बाईला नावच 'दाईमाँ' दिलं. आई म्हटलं की मायेला ओळखीची चौकट मिळते आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. हॉलिवूडने झाकायला पडदा वापरला, आपण नातं वापरलं. बँकेतल्या ताई म्हणाल्या, आपल्याकडचं झाकण घट्ट बसतं.

प्रश्न एकच विचारा

सिनेमा संपल्यावर 'हा कॅरेक्टर गे आहे का?' असं विचारू नका. दहा माणसांत अकरा मतं पडतात आणि भजी थंड होतात. मी विचारतो ते असं: या सिनेमात तुम्हाला कोणाची भीती वाटायला सांगितलीय, आणि सिनेमातलं कोण स्वतः घाबरलेलं आहे? ही दोन वेगळी माणसं असतात. कधी कधी एकच असतं. त्यावरून सगळं बोलणं आपोआप निघतं.

दुसऱ्या शनिवारी या प्रश्नासाठी 'रोप' लावतो, पुन्हा हिचकॉक, १९४८. दोन तरुण, एकाच घरात राहणारे, पहिल्याच मिनिटाला मित्राचा दोरीने गळा आवळतात. प्रेत पेटाऱ्यात घालतात, पेटाऱ्यावर टेबलक्लॉथ घालून जेवण मांडतात आणि मेलेल्याच्याच बापाला जेवायला बोलावतात. ऐंशी मिनिटांचा सिनेमा, दहा-दहा मिनिटांच्या लांबलचक शॉटचा. रीळ संपत आलं की कॅमेरा कोणाच्या तरी कोटाच्या पाठीत घुसतो आणि तिथे जोड लपतो. हे आधी सांगून ठेवा, सगळे जोड शोधायच्या नादाला लागतात आणि बारकाईने बघू लागतात.

पटकथा लिहिणारा आर्थर लॉरेंट्स स्वतः गे होता, आणि दोघांतल्या घाबरटाचं काम करणारा फार्ली ग्रेंजर त्या काळात त्याचाच जोडीदार होता. स्टुडिओत या विषयाचं नाव कोणी घ्यायचं नाही, नुसतं 'ते' म्हणायचे. आपलं 'तसलं' आणि त्यांचं 'ते', सख्खी भावंडं.

माझा जीव मात्र त्या खिडकीत अडकलाय. मागे न्यूयॉर्कचा देखावा आहे, सगळा स्टुडिओत उभा केलेला, ढगसुद्धा काचेच्या तंतूंचे. सिनेमा पुढे सरकतो तशी तिथे संध्याकाळ उतरते, दिवे लागतात, आणि शेवटी शेवटी बाहेरच्या निऑन पाटीचा लाल-हिरवा उजेड खोलीत उघडझाप करू लागतो. तोपर्यंत सुखवस्तू, नीटनेटकं घर होतं, आता तो प्रकाश त्यांच्या तोंडावर पडतो आणि घर उघडं पडतं. मी जत्रेतल्या नाटकात खून आला की लाल जिलेटिन टाकायचो, गपकन. 'रोप' बघितल्यापासून आधी दहा मिनिटं कुठेतरी कोपऱ्यात हळूच लाल पेरून ठेवतो. प्रेक्षकांना कळत नाही, पण चुळबुळ सुरू होते.

खरी गोष्ट अशी की यातले दोघे मला आवडत नाहीत. निर्दय आहेत, गर्विष्ठ आहेत. आणि १९२४ साली शिकागोत लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत पोरांनी केलेल्या खऱ्या खुनाची सावली या गोष्टीवर आहे. म्हणून 'आपली माणसं चांगली दाखवली पाहिजेत' या हट्टाने बसलेला कोणी असेल तर त्याला हा सिनेमा पचत नाही. बसू द्या तसाच. चिडलेला माणूस जास्त नीट बघतो.

स्त्रीपार्टीबरोबर 'सायको'

'सायको' सगळ्यांना माहीत असतो, म्हणून मी तो लावत नव्हतो. पेडण्याच्या दशावताऱ्याने हट्ट धरला. हा माणूस रात्री दहाला तारामती होतो आणि पहाटे चारला मिशी उगवल्यासारखा चहा पितो. तळघराचा प्रसंग आला. लायला, खून झालेल्या बाईची बहीण, खुर्ची वळवते, आत मॉटेलवाल्या नॉर्मनची सुकलेली आई. लायला किंचाळते, तिचा हात लटकत्या बल्बला लागतो, आणि बल्ब झोके घेऊ लागतो. त्या झोक्याने मेलेल्या बाईच्या डोळ्यांच्या खोबणीत सावल्या हलतात, जणू ती बघते आहे. एक बल्ब. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे आणि यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा भयंकर लायटिंग मी बघितलेलं नाही. मग नॉर्मन सुरी घेऊन आत येतो, आईच्या कपड्यांत, आणि झटापटीत विग निसटतो.

सगळे श्वास धरून. आणि आमचा स्त्रीपार्टी म्हणतो, "विग कोणी बांधला रे याचा? पेडण्यात बांधला असता तर मुडदा पडला असता पण विग पडला नसता."

हसून झाल्यावर त्याने जे सांगितलं त्यासाठी मी दरवर्षी 'सायको' लावतो. म्हणाला, आमच्याकडे पुरुष लुगडं नेसला की लोक हात जोडतात, सीतेला, तारामतीला. तीच गोष्ट या सिनेमात पडद्यावर आली की लोक किंचाळतात. लुगडं तेच आहे. मग फरक कुठे आहे?

यावर आमच्याकडे पाऊण तास चर्चा चालली. बँकेतल्या ताईंचं म्हणणं, देवळासमोर आहे म्हणून चालतं, तोच बाजारात लुगड्यात आला तर 'बायलो' म्हणून दगड मारतील. स्त्रीपार्टी गप्प बसला. त्याला ठाऊक होतं.

शेवटी सिनेमात एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन लांबण लावतो. पुष्कळजण तिथे उठतात, उठू देऊ नका. त्याला विचारतात की नॉर्मन बायकांचे कपडे घालणारा म्हणजे 'तसा' होता का, आणि तो म्हणतो, नेमकं तसं नाही. १९६०चा सिनेमा तोंडाने एवढं तरी म्हणतो. पण लोकांना लक्षात काय राहतं? डॉक्टरची दोन वाक्यं की विग?

माझी चूक

हेच मी आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं. २०१९ला, पहिल्याच वर्षी, उत्साहाच्या भरात दुसऱ्या शनिवारी 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' लावला. १९९१चा, पाच ऑस्कर, बघायलाच हवा वगैरे. त्या दिवशी एक नवी मुलगी आली होती, ट्रान्स, विशीतली, कोणीतरी घेऊन आलं होतं. सिनेमात दोन-तीन वाक्यांत सांगितलंय की खुनी हा खरा ट्रान्स नाही, आणि ट्रान्स माणसांचा हिंसेशी संबंध नाही. वाक्यं खरीच आहेत त्यात. पण ती साध्या उजेडात, घाईघाईने येतात. आणि नंतर खुनी आरशासमोर ओठ रंगवतो, अंगावर कापड घेऊन नाचतो, त्याला मात्र अख्खा प्रकाश, संगीत, वेळ दिलेला आहे. मी लाइटवाला, मला हे आधी दिसायला हवं होतं. ज्याच्यावर उजेड, तेच खरं.

मुलीने मध्यंतरात रस ऑम्लेट खाल्लं, ताट विसळून ठेवलं, आईला "येते हं" म्हणाली. परत आली नाही.

तर कठीण सिनेमे दाखवायची पद्धत अशी. ते पाचव्या-सहाव्या शनिवारच्या आधी नकोत, माणसं एकमेकांना ओळखू लागल्यावरच. आदल्या दिवशी ग्रुपवर स्पष्ट लिहा की यात काय आहे. ज्याला नको त्याने कारण न देता रजा घ्यावी. आणि त्या सिनेमावर तेव्हाच लोक किती चिडले होते हेही सांगा, म्हणजे आपल्यालाच टोचतंय असं कोणाला वाटत नाही. 'बेसिक इन्स्टिंक्ट'चं शूटिंग सॅन फ्रान्सिस्कोत चालू असताना लोक रस्त्यावर उतरले होते, १९९२च्या ऑस्करच्या वेळीही निदर्शनं झाली. 'लॅम्ब्स'चा दिग्दर्शक जोनाथन डेमी याने पुढे १९९३मध्ये 'फिलाडेल्फिया' केला, एड्स झालेल्या गे वकिलाची गोष्ट.

घरचे नमुनेही घ्या. 'सडक' (१९९१) मध्ये आपल्या सदाशिव अमरापूरकरांची महाराणी, कोठा चालवणारा हिजडा. फिल्मफेअरने खलनायकासाठी पुरस्कार पहिल्यांदा ठेवला तो त्यांनाच मिळाला. काम अप्रतिम आहे, आणि त्या कामाने हिजड्यांचं जे नुकसान केलं तेही अप्रतिमच आहे. दोन्ही एका वेळी म्हणता आलं पाहिजे. 'गर्लफ्रेंड' (२००४) मात्र मी दाखवत नाही. एकीकडे संस्कृतीरक्षकांनी त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले आणि दुसरीकडे लेस्बियन बायकांनीही त्यावर टीका केली, कारण त्यातली बाई म्हणजे नुसती माथेफिरू. एवढं सांगितलं की पुरतं, वेळ कशाला घालवायचा.

'व्हिक्टिम', एकट्याने बघू नका

हा इंग्लंडचा, १९६१चा. यात भूत नाही, खुनीही नाही. एक नावाजलेला वकील, डर्क बोगार्ड, आणि एक टोळी जी गे माणसांना चिठ्ठ्या पाठवून पैसे उकळते. 'होमोसेक्शुअल' हा शब्द इंग्रजी सिनेमात पहिल्यांदा उच्चारला गेला तो यात. त्यात एक पोलीसच म्हणतो की समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा हा कायदा म्हणजे ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद आहे. तो कायदा तिथे १९६७ला बदलला.

आमच्याकडे १९६७ उजाडायला ६ सप्टेंबर २०१८ यावं लागलं. मधे २००९मध्ये दिल्ली हायकोर्टाने आपल्याकडचं तसलंच कलम, ३७७, सैल केलं होतं, ११ डिसेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टाने ते परत आवळलं. त्यानंतर महिन्याभराने, जानेवारीत, अॅपवर भेटलेल्या एकाने मला माझेच मेसेज परत पाठवले आणि पंधरा हजार मागितले. नाहीतर देवस्थानच्या कमिटीला दाखवतो म्हणाला, ज्यांच्या जत्रेत मी लाइट लावायचो. त्याला कलम नंबरासकट पाठ होतं. मी पाच हजार दिले. मार्चमध्ये त्याने पुन्हा मागितले.

त्या दोन महिन्यांत मला जी भीती वाटली ती कुठल्याही भुताच्या सिनेमात नाही, 'व्हिक्टिम'मध्ये आहे. दाराची बेल वाजते तेव्हा बोगार्डच्या डोळ्यांत ती दिसते. म्हणून हा सिनेमा मी गर्दीतच बघतो, शेजारी कोणीतरी हवं.

हा दाखवलात की नंतर कामाची गोष्टही सांगा, कारण बसलेल्यांत कोणालातरी लागणार असते. पैसे देऊ नका, दिले तर तो परत येतोच. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवा. भरवशाच्या एका माणसाला त्याच रात्री सांगा. ऑनलाइन पैसे उकळल्याची तक्रार १९३० या नंबरवर करता येते. मी यातलं काहीच केलं नव्हतं. मी नंबर बदलला आणि सहा महिने झोपलो नाही.

बाकीचे, भराभर

जेम्स व्हेल. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) आणि 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) त्याचे, आणि तो त्या काळातही लपून न राहणारा गे माणूस होता. दुसरा भाग दाखवा, त्यात बुढ्ढा डॉक्टर प्रिटोरियस नवरदेवाला बायकोजवळून उठवून 'चल, आपण दोघं मिळून माणूस बनवू' म्हणतो तेव्हा भाचा आणि त्याचे मित्र खुर्चीवरून पडतात. 'द हाँटिंग' (१९६३), यात भूत एकदाही दिसत नाही, नुसतं दार फुगतं. थिओ नावाची लेस्बियन बाई आहे, हुशार, चांगले कपडे घालणारी, आणि ती शेवटी जिवंत राहते. त्या काळात ही केवढी चैन. व्हॅम्पायर बायकांचे सिनेमे ढीगभर आहेत, पुष्कळांचं मूळ १८७२ची 'कार्मिला' ही कथा, ड्रॅक्युलाच्याही पंचवीस वर्षं आधीची. एक पुरे, नंतर तेच तेच.

'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा दुसरा भाग (१९८५) पोरांना फार आवडतो. नेहमी मुलगी किंचाळते, इथे मुलगा किंचाळतो. मार्क पॅटन हा नट स्वतः गे, तेव्हा लपवलेला. लेखक कितीतरी वर्षं म्हणत राहिला की ते गेपण नटानेच आणलं, आणि फार उशिरा कबूल केलं की लिहिलेलंच तसं होतं. २०१९ला पॅटनवर माहितीपट आला. आधी सिनेमा बघा, मग माहितीपट. उलटं केलंत तर हसणं जमत नाही.

नव्यांत 'द हँडमेडन' (२०१६), कोरियाचा. जवळजवळ अडीच तास, लवकर सुरू करा. मोलकरीण, मालकीण, आणि दोघींना फसवायला निघालेले पुरुष. मूळ कादंबरी इंग्लंडातली, सेरा वॉटर्सची. बेडरूमचे प्रसंग उघडे आहेत, आधी सांगा. आईला मी त्या दिवशी बहिणीकडे पाठवतो, आणि ती जाताना म्हणते, "आज तुमचा उघडा सिनेमा वाटतं." 'फिअर स्ट्रीट'चे तीन भाग (२०२१) हलके आहेत, पण दोन मुली एकमेकींना वाचवतात आणि दोघी जगतात, म्हणून मी ते शेवटच्या आठवड्यांना ठेवतो.

आणि एक मलयाळम पोलिसपट आहे, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. नाव सांगत नाही, कारण या यादीत नाव घातलं की त्याचं गुपित गेलंच. असले सिनेमे विषयाच्या शनिवारी लावू नका. मधल्या एखाद्या वारी, 'ताईंच्या आवडीचा खून' म्हणून लावा आणि तोंड बंद ठेवा.

उठायच्या वेळी

साडेनऊला संपेल असंच बसवा. पेडण्याला जाणाऱ्याला बस मिळत नाही, त्याच्यासाठी गाडी आधी ठरलेली हवी, किंवा सोप्यावर चटई. आमच्याकडे त्याची चटई ठरलेली आहे.

सिनेमा संपला की ट्यूबलाइट पटकन लावू नका. मी कोपऱ्यातला एक दिवा डिमरवर हळूहळू चढवतो, तोंडं दिसतील न दिसतील इतपतच. आणि प्रोजेक्टरचा प्लग लगेच ओढू नका, दिवा विझल्यावर आतला पंखा दोन-तीन मिनिटं फिरत राहतो, तो आपणहून थांबू द्या, नाहीतर बल्ब जातो आणि नव्या बल्बला पाच-सहा हजार पडतात. तेवढा वेळ कोणाला काही काम नसतं, नुसती पंख्याची घरघर आणि पाऊस. जे काही बोलायचं असतं ते माणसं तेव्हाच बोलतात. गेल्या वर्षी शेवटच्या शनिवारी भाच्याचा तो भज्यांवाला मित्र त्या घरघरीत म्हणाला, "अंकल, पुढच्या जूनला मी एकाला घेऊन येऊ का?"

मी म्हटलं, आण. भजी जास्त करू.